बापटांचं इंजिनिअरिंग का सुटलं?

सेनापती बापट म्हटलं की आपल्याला आठवतो तो रस्ता. पुण्याला इंटरव्ह्यूला जाऊन आलेल्यांनी सेनापती बापट रोड पाहिलाय, दादरला उतरलेल्यांनी सेनापती बापट मार्ग. मलाही सेकंड इयरपर्यंत तेवढंच माहीत होतं. मग पारनेरचा रूम पार्टनर मिळाला आणि त्याने एका रात्री, सबमिशनची जर्नल्स पूर्ण करता करता, सांगितलं की हे बापट त्यांच्या गावचे, आणि मेकॅनिकलचे. त्यातही इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेले! त्या वेळी माझ्या डोक्यावर दोन केट्या होत्या, त्यामुळे मला या गृहस्थांविषयी एकदम आपुलकी वाटू लागली. वाचायला घेतलं तेव्हा कळलं की आपुलकी ठीक आहे, पण त्यांचं सुटणं आणि माझं राहणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेरला झाला. आपल्या नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) पारनेर तेव्हा लहानसं, दुष्काळी भागातलं गाव. मुलगा हुशार निघाला. मॅट्रिकला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तिथे असतानाच, 1902 च्या सुमारास, त्यांनी शस्त्रावर हात ठेवून देशाच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य देण्याची शपथ घेतली. वय बावीस. म्हणजे आपण टी.ई., बी.ई. ला असतो तेवढं.

शपथा काय, आपणही घेतो. सेमिस्टरच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या भिंतीवर एक कागद लागतो. पाचला उठणे, गेटची तयारी, जिम, इंग्लिश स्पीकिंग, मोबाईल दिवसातून एक तास. माझ्या कागदावर अकरा कलमं होती. दुसऱ्या आठवड्यात त्याच्यावर मेसचं वेळापत्रक चिकटवलं गेलं आणि विषय संपला. बापटांच्या कागदावर एकच कलम होतं. मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे, पण ते पुढे.

बी.ए. झाल्यावर त्यांना मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि 1904 मध्ये ते स्कॉटलंडला एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेले. पारनेरहून एडिंबरो! शंभराहून अधिक वर्षांपूर्वी! आज गावातला पोरगा एम.एस. ला गेला तर फ्लेक्स लागतो. तेव्हा घरच्यांना काय वाटलं असेल, कल्पना करा. डिग्री घेऊन परत यायचं, सरकारी नोकरी, बंगला, पेन्शन. सगळं आखून ठेवलेलं होतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

ते काही त्यांना जमलं नाही. एडिंबरोत त्यांनी इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या राज्यकारभारावर जाहीर भाषण केलं, सडकून टीका केली, आणि शिष्यवृत्ती गेली. शिक्षण थांबलं. आपल्या भाषेत, बापटांचं इयर डाऊन झालं ते एका भाषणामुळे.

आता इथे मी बराच अडकलो. हे भरकटणं नाही का? अभ्यास करायला गेलेला मुलगा राजकारणात पडतो, शिष्यवृत्ती घालवतो. आपल्याकडे कोणी असं केलं तर रेक्टर सर पालकांना फोन लावतील, आणि त्यांचं चुकेल असंही नाही. पण त्यांचा क्रम पाहिला की चित्र बदलतं. शपथ 1902 ची, प्रवेश 1904 चा. एडिंबरोला ते गेले तेव्हा ध्येय आधीच ठरलेलं होतं, इंजिनिअरिंग त्याला उपयोगी पडेल तर पडेल. त्यामुळे दोन्हींतलं एक निवडायची वेळ आली तेव्हा काय सोडायचं हे त्यांना नव्याने ठरवावं लागलं नाही. माझ्या केट्यांमागे असलं कुठलंही ध्येय नव्हतं. मागे होती ती रात्री दोनपर्यंत चालणारी पत्त्यांची बैठक.

पुढे ते लंडनला इंडिया हाऊसमध्ये आले. तिथे श्यामजी कृष्णवर्मा होते, सावरकर होते. तिथून बापट पॅरिसला गेले ते बॉम्बची विद्या शिकायला. बरोबर बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास हे दोघे होते. शिकवणारे रशियन क्रांतिकारक, त्यांचं पुस्तक रशियन भाषेत, म्हणून त्याचं भाषांतर करून घेतलं गेलं. (केमिस्ट्री लॅबच्या सरांनी घाबरू नये, पुढचा तपशील मी देत नाही.) 1908 मध्ये बापट भारतात परतले.

त्याच वर्षी 30 एप्रिलला मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला. नेम होता न्यायाधीश किंग्जफोर्डवर, मेल्या त्या दोन इंग्रज स्त्रिया. धरपकड झाली, अलीपूर खटला उभा राहिला, त्यात बापटांचंही नाव निघालं आणि ते भूमिगत झाले. चार वर्षांहून जास्त काळ देशभर नाव बदलून हिंडत होते. 1912 मध्ये इंदूरला पकडले गेले, पण पुरेसा पुरावा नसल्यामुळे सुटले.

या हिंडण्यात त्यांना एक धक्का बसला. आपण परक्यांच्या राज्यात आहोत याची खेड्यापाड्यातल्या बहुसंख्य लोकांना जाणीवच नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग बॉम्ब कोणासाठी टाकायचा? ज्या विद्येसाठी शिष्यवृत्ती गेल्यावरही युरोपात दिवस काढले, पॅरिस गाठलं, जीव धोक्यात घातला, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि लोकांना जागं करायचं काम धरलं. माझ्या मते बापटांच्या आयुष्यातला हा सगळ्यात अवघड निर्णय. आपण चार वर्षं एखाद्या गोष्टीला दिली की, ती चुकतेय हे दिसत असूनही, चार वर्षं दिली म्हणून पाचवं देतो.

पारनेरला आल्यावर ते काय करू लागले? तर झाडू घेतला. पहाटे उठून गावातले रस्ते झाडायचे. विलायतेला जाऊन आलेला, संस्कृतचा स्कॉलर, ब्राह्मणाचा मुलगा, 1914-15 च्या काळात. लोक हसले असणारच. मुलाच्या बारशाला त्यांनी पहिली पंगत वाढली ती गावात ज्यांना अस्पृश्य मानत त्यांना. नंतर पुण्यात टिळकांच्या 'मराठा' पत्रात काम केलं.

आणि मग मुळशी. इथे आपल्यासारख्यांना खरंच विचार करायला लागतो. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटा कंपनी मुंबईला वीज देण्यासाठी धरण बांधत होती. पन्नासहून जास्त गावं आणि मावळातली भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. 16 एप्रिल 1921, रामनवमी, या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. त्याचं नेतृत्व बापटांकडे आलं आणि सेनापती हे नावही त्यांना इथेच मिळालं. मेकॅनिकलचा विद्यार्थी धरणाविरुद्ध उभा! फ्ल्युइड मशिन्सच्या पेपरात आपण जलविद्युत केंद्राची आकृती काढतो, रिझर्व्हायर, पेनस्टॉक, टर्बाइन. रिझर्व्हायरच्या जागी आधी काय होतं याला मार्क नसतात, म्हणून आपण काढत नाही.

तीन वर्षांत बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. शेतकऱ्यांमध्येही फूट पडली, कोणी मोबदला घेऊन बाजूला झाले, पुण्याच्या सावकार-जमीनदारांना तर मोबदलाच हवा होता. शेवटी बापटांनी बांधकामाच्या रेल्वेवर हल्ला केला आणि पळून न जाता स्वतःहून स्वाधीन झाले. शिक्षा झाली सात वर्षांची. ते 1931 मध्ये सुटले तेव्हा धरण कधीच पूर्ण झालं होतं. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून आजही वीज करतं. म्हणजे सरळ हिशोबाने बापट हरले.

बाहेर आल्यावर फार दिवस गेले नाहीत, राजद्रोहाच्या भाषणासाठी पुन्हा आत. 1937 मध्ये सुटले. पुढे काँग्रेस सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले. पक्ष बदलले, मार्ग बदलले, मित्रही बदलले असतील. अरविंद घोष यांचे ग्रंथ त्यांनी मराठीत आणले. हे अरविंद म्हणजे त्याच अलीपूर खटल्यातले आरोपी, पण एव्हाना ते योगी झाले होते. 15 ऑगस्ट 1947 रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान बापटांना मिळाला.

1902 चं ते एक कलम त्या दिवशी पूर्ण झालं. 66 वर्षांच्या माणसाने आता घरी बसायला हरकत नव्हती. पण 1955 मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रहींची पहिली तुकडी निघाली तेव्हा ना. ग. गोरे यांच्याबरोबर पुढे कोण, तर चौऱ्याहत्तर वर्षांचे बापट. पोर्तुगीज पोलिसांच्या लाठ्या ठरलेल्या होत्या, तरी गेले. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही होते. 28 नोव्हेंबर 1967 रोजी ते गेले.

त्यांच्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीचं पुढे काय झालं, हा प्रश्न आमच्या रूमवर एकदा निघाला होता. ती राहिलीच. माझी एक केटी गेल्या डिसेंबरमध्ये निघाली, दुसरी या मे महिन्यात आहे. भिंतीवरचा अकरा कलमांचा कागद मी काढून टाकला. नवीन अजून लावलेला नाही. पार्टनर रोज विचारतो, एक तरी ओळ लिही. पेन घेऊन बसलो की अकराच सुचतात.