पवनारचे विनोबा : कुरुक्षेत्र आपल्या मनातलं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तप्रभूंच्या पायाशी असलेली चार कुत्री म्हणजे चार वेद आणि मागची गाय म्हणजे पृथ्वी, हे आपल्याकडे लहानपणीच सांगतात. तेव्हा पुराणातल्या गोष्टीचा अर्थ शोधायचा असतो, हे दत्तभक्तांना नवं नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यात राहून विनोबाजींनी हाच अर्थ जन्मभर शोधला.

त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणात गागोदे इथे झाला. आई रुक्मिणीबाई मोठ्या भाविक. संस्कृत गीता कळत नाही, तेव्हा तूच मराठीत कर, असं त्यांनी लेकाला सांगून ठेवलं होतं. आई १९१८ साली गेली. १९२१ साली विनोबा गांधीजींच्या सांगण्यावरून वर्ध्याला आले आणि इथेच १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ लिहून झाली. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर प्रवचनं केली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली.

सोळाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी इंद्र-वृत्र, देव-दानव, राम-रावण ही मनातल्या सद्‍वृत्ती आणि दुर्वृत्तींच्या झगड्याची काव्यरूपं आहेत, असं समजावलं. कुरुक्षेत्र बाहेर तसंच आपल्या आतही. दैवी गुणांच्या सैन्यात आघाडीला निर्भयता, पिछाडीला नम्रता.

रूपक म्हटलं की देवधर्म सुटला, असं काहींना वाटतं. पण झालं उलटंच. रावण फक्त लंकेत असता, तर आपण नुसतं कथा ऐकून घरी गेलो असतो. तो आपल्यातच निघाला, म्हणजे रोजची लढाई आली. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारात देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजन बांधवांसह दर्शनाला गेलेल्या विनोबांना मार खावा लागला, कानाला इजा झाली. तरी मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, हीच त्यांची इच्छा. मागे हटले नाहीत, राग धरला नाही. प्रवचनातली आघाडी-पिछाडी त्या दिवशी आचरणात दिसली.

मूर्तीही त्यांनी दूर लोटली नाही. पवनारला धाम नदीकाठी जमीन खणताना राम-भरत भेटीचं शिल्प निघालं, ते त्यांनी भक्तिभावाने आश्रमात स्थापलं. तिथेच १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, त्यांनी देह ठेवला.

मंडळी, दत्तजयंतीला पाळणा हलवाच, आरती म्हणाच. पण घरी जाताना आपल्यातला कोणता राक्षस अजून उभा आहे, हेही एकदा पाहून घ्या.