विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ व निसर्ग-अभ्यासक होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात असताना १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांच्याकडे सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम सोपवले. १८३१ मध्ये ते मायदेशी परतले. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबर्डीनचे संसद सदस्य होते.

मत्स्य-अभ्यास

राजगुरुनगर (खेड) ज्या नदीकाठी वसले आहे ती भीमा, तसेच इंद्रायणी आणि मुळा-मुठा यांतील माशांचे वर्णन त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. अनेक जातींना त्यांनी स्थानिक मराठी नावेच दिली. ‘खुद्री’ हा महाशीर त्यांपैकीच होय.

आजचे महत्त्व

विसाव्या शतकात लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली खुद्रीची पिल्ले दूरच्या कावेरीत सोडण्यात आली. तेथे हा मासा परका असून त्याच्या वाढीबरोबर कावेरीतील कुबड असलेला महाशीर कमालीचा घटला. या दुर्मीळ माशाला पूर्वी ‘मुसुल्ला’ म्हणत. ते नाव साइक्स यांनी वेगळ्याच माशाला दिले होते. २०१८ मध्ये शरीररचना व डीएनए यांच्या तुलनेतून त्याची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित झाली. डीएनएवरून जात ओळखता येते. परंतु ती कोणत्या नदीची मूळ रहिवासी, हे ठरवताना साइक्स यांच्या स्थळनिहाय नोंदी आजही उपयोगी पडतात.