विश्लेषण : माघारी बोलावलेल्या रहीम यांना दख्खनची जबाबदारी परत कशी मिळाली?

जालना जिल्ह्यातील बदनापूर तालुक्यात रोषणगाव आहे. १६१६ मध्ये या परिसरात मुघल फौज आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यांच्यात मोठी लढाई झाली. चुकीमुळे जबाबदारी गमावलेल्या एका ज्येष्ठ सरदाराची पत या लढाईने सावरली. ते सरदार म्हणजे दोह्यांमुळे आजही घराघरांत माहीत असलेले अब्दुर्रहीम खानखाना.

कोण होते रहीम?
त्यांचा जन्म १५५६ मध्ये लाहोरला झाला. वडील बैरामखान यांची १५६१ मध्ये गुजरातेतील पाटण येथे हत्या झाली, तेव्हा रहीम अवघे चार वर्षांचे होते. अकबराने त्यांना वाढवले. गुजरातमधील विजयानंतर त्यांना ‘खानखाना’ हा किताब मिळाला. बाबराच्या आत्मचरित्राचे त्यांनी फारसीत भाषांतर केले. १५९७ मध्ये गोदाकाठी सोनपेठजवळ त्यांनी दख्खनी फौजांना हरवले होते.

चूक काय झाली?
१६०८ मध्ये रहीम यांनी दोन वर्षांत दख्खनची मोहीम फत्ते करण्याची हमी जहांगीर बादशहाला दिली. १६१० मध्ये शहजादा परवेझसह फौज बुऱ्हाणपूरहून बालाघाटात उतरली, पण हंगाम चुकला. सरदारांत एकमत नव्हते, धान्य मिळेना आणि अंबरचे घोडेस्वार रसद तोडत होते. अखेर नामुष्कीचा तह करून फौज मागे फिरली. अहमदनगरचा किल्लाही हातचा गेला. सहकाऱ्यांनी खापर रहीम यांच्यावर फोडले आणि त्यांना माघारी बोलावण्यात आले.

मग परत का पाठवले?
कारण नंतर आलेल्यांनाही यश मिळाले नाही. गुजरात आणि वऱ्हाड अशा दोन बाजूंनी एकाच वेळी चाल करायची, असे ठरले होते. गुजरातचा सुभेदार अब्दुल्लाखान मात्र दुसऱ्या फौजेची वाट न पाहता पुढे धावला. अंबरच्या गनिमी काव्याने जेरीस येऊन तो बागलाणमार्गे परतला. त्यानंतर १६१२ मध्ये जहांगीरने पुन्हा रहीम यांनाच दख्खनला धाडले. जुनी चूक कोणी विसरले नव्हते. पण दख्खनचा इतका अनुभव असलेला दुसरा माणूस दरबारात नव्हता.

रोषणगावला काय घडले?
या वेळी घाई झाली नाही. अंबरवर नाराज असलेले काही मराठा आणि दख्खनी सरदार मुघलांकडे वळवण्यात आले. रहीम यांचा मुलगा शाहनवाजखान वऱ्हाडातील बाळापूरहून निघाला. रोषणगावजवळ नाल्याची अडचण आणि मुघल तोफांचा मारा यांमुळे अंबरच्या फौजेचा पराभव झाला. मुघलांनी अंबरने वसवलेल्या खडकीची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, नासधूस केली.

पद कायम राहिले का?
नाही. अंबर लवकरच सावरला. लगेचच दख्खनची सूत्रे शहजादा खुर्रमकडे गेली आणि १६१७ च्या तहाचे श्रेयही त्यालाच मिळाले. पुढे खुर्रमच्या बंडात सामील झाल्याने रहीम यांचा किताबही गेला. मुलगा दाराबखान मारला गेला. अखेरच्या काळात जहांगीरने त्यांना माफ करून किताब परत दिला. १६२७ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. गमावलेला मान त्यांना दोनदा परत मिळाला, पण गेलेली मुले परत आली नाहीत. शाहनवाजखान तर त्याआधीच, १६१९ मध्ये वारला होता.