देवाच्या दरबारी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

आषाढी एकादशीच्या पुण्यपर्वावर ज्ञानोबा-तुकोबांचे चरित्र गावे, हा आम्हा कीर्तनकारांचा पिढीजात नेम. आज त्या नेमाला किंचित मुरड घालून आम्ही एका ख्रिस्ती भक्ताचे आख्यान लावीत आहो. काही भाविकांच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणून आहो. परंतु आपण ख्रिस्ताच्या पायांपाशी पोहोचलो ते तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून, असे ज्याने स्वतःच सांगून ठेवले, त्याचे स्मरण वारीच्या दिवशी करू नये तर कधी करावे?

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. वडील कडक स्वभावाचे. मुलगा घर सोडून नाशकास आला आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याचे संस्कृत अध्ययन झाले. शास्त्राभ्यास, काव्याचे वेड आणि पायाला लागलेली भिंगरी या तीन गोष्टी तेव्हापासून जन्मभर त्यांच्या सोबतीला राहिल्या. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीत अमर झालेली लक्ष्मीबाई. संसार मांडला खरा, पण तो एका गावी दोन वर्षे टिकेल तर शपथ! कोठे शिक्षकी, कोठे पुराण, कोठे कीर्तन, असे चालले होते. कीर्तनकाराच्या संसाराची ही तऱ्हा आम्हांस परकी नाही. पण टिळकांची वणवण केवळ पोटासाठी नव्हती. पितरांचा धर्म त्यांनी सोडला नव्हता, मात्र जातिभेदाने चिरफाळलेल्या समाजाकडे पाहून त्यांचे चित्त स्वस्थ नव्हते. सर्वांचा पिता एक आणि सर्व मानव बंधू, अशा पायावर एखादा नवा धर्मच उभारावा, असे विचार त्यांच्या मनात घोळत होते.

नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काही काळ ग्रंथांच्या सहवासात गेला. पुढे १८९३ च्या सुमारास राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. त्याने बायबलातील नव्या कराराची एक प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून तो निघून गेला. टिळकांनी ते पुस्तक शंका घेत, खुणा करीत, पंडिताच्या चिकित्सेने वाचावयास घेतले. येशूच्या पर्वतावरील प्रवचनापाशी मात्र ते थबकले. शत्रूवरही प्रेम करावे, उद्याची चिंता करू नये, देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होत नसते, म्हणून प्रथम देवाच्या राज्याचा ध्यास घ्यावा, बाकीचे मागोमाग येते, असा त्या प्रवचनाचा रोख आहे.

येथे आम्हांस थोडे थांबणे प्राप्त आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्यभावाने चिंतन करणाऱ्याचा योगक्षेम वाहण्याचा भार भगवंतांनी आपल्या शिरी घेतला आहे, हे कोणा वारकऱ्यास सांगावयास नको. अनन्य म्हणजे ज्याला दुसरे नाही तो. ही खूण टिळकांना घरचीच असल्यामुळे त्या प्रवचनात त्यांना ओळखीचा सूर ऐकू आला असावा, असे आम्हांस वाटते. मग घरीच राहून ती भक्ती का साधली नाही, हा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्यांनी विचारला आणि आम्हीही विचारतो. तुकोबांच्या पुलावर उभे राहिले तर पांडुरंग दिसत नाही काय? या ठिकाणी आमचे आणि टिळकांचे मार्ग वेगळे होतात, आणि ते आम्ही लपवू इच्छीत नाही. पण एकदा जे पटले ते अर्धेमुर्धे पटले असे म्हणून काठावर बसणारा हा पुरुष नव्हता. अमेरिकन मिशनचे डॉ. जस्टिन अॅबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. (याच अॅबट साहेबांनी पुढे महिपतीबुवांची संतचरित्रे इंग्रजीत नेली, पूल दोन्ही बाजूंनी वापरात होता म्हणावयाचा!) अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या एका दिवसाची किंमत कोणी मोजली? टिळकांनी मोजली, हे खरेच. आप्त तुटले, वाळीत पडणे आले. पण अधिक मोजली ती लक्ष्मीबाईंनी. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, कडेवर लहान दत्तू, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेले मन! त्या काळातले काही दिवस त्यांनी पंढरपुरात नातलगांच्या आधाराने काढले. पतीसाठी झुरणारी ही माउली विठ्ठलाच्या नगरीत कोणत्या मनाने वावरली असेल, हा विचार मनात आला की एकनिष्ठेचे आख्यान सांगताना आमचा कंठ दाटतो. एकाच्या अनन्यभक्तीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो, हे भक्तिविजयाच्या पानोपानी आहे. तुकोबांच्या घरी जिजाबाईंनी काय कमी सोसले? सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. प्रथम आपले सोवळे सांभाळून राहिल्या. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराने त्यांच्या मनाचा एकेक गुंता सुटत गेला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढले म्हणून नव्हे, स्वतःस पटले म्हणून.

यापुढची वर्षे अहमदनगर आणि राहुरी या भागात गेली. ईश्वरविज्ञान शिकविणे, लेखन, कीर्तन, आणि घरी पोरक्या मुलांचा राबता. पैसा हाती टिकत नसे. बालकवी ठोंबरे यांना त्यांच्या घरी मायेचा आसरा मिळाला. टिळकांचे ‘केवढे हे क्रौर्य’ हे बाणाने विद्ध झालेल्या पक्षिणीचे काव्य शाळेत पाठ करताना आम्ही रडलो होतो. कवी ख्रिस्ती आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानीही नव्हते. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग पाहू लागले. परंतु त्यांचे खरे कार्य भजनांचे. परदेशी चालींवर बसविलेली, ओढाताण केलेली गीते म्हणणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळीला त्यांनी अभंग-ओवीची, टाळ-मृदंगाची वाट मोकळी करून दिली. ख्रिस्ताला त्यांनी गुरु म्हटले, माउली म्हटले. संतांच्या घरचे शब्द त्यांनी उसने घेतले नाहीत. ते त्यांच्या वाटणीचेच होते.

आता मुख्य प्रसंग. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, टिळकांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले, संन्यासव्रत घेतले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ती शास्त्रात देवाचे राज्य म्हणजे केवळ मरणोत्तर स्वर्ग नव्हे. देवाची इच्छा स्वर्गात चालते तशी या भूमीवर चालावी, अशी ख्रिस्ती भाविकाची नित्य प्रार्थना असते. ते राज्य मोहरीच्या दाण्याप्रमाणे पेरले गेले आहे आणि पूर्ण व्हावयाचे आहे, अशी त्याची आशा असते. टिळकांनी ही आशा उद्यावर टाकली नाही. राजा येणार तर दरबार आजच भरला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा होती. ख्रिस्तावर प्रेम करणारा तो आपला. मिशनची भिंत नाही, वेतन नाही, योगक्षेमाचा भार देवावर. शेतात पुरलेला ठेवा सापडताच सर्वस्व विकून ते शेत घेणाऱ्या माणसाचा दृष्टांत येशूने सांगितला आहे. उतारवयात टिळकांनी तसेच केले. जुने सहकारी साशंक झाले, घरात ओढग्रस्त आली. हिंदू समाज दूर, मिशनही थोडे दूर, अशा मधल्या उन्हात हा वृद्ध कवी भजन म्हणत उभा राहिला.

दरबार पुरती दोन वर्षेही चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे देहावसान झाले आणि त्यांच्या मागे तो मांडव उतरला. येशूचे चरित्र गाणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आले होते. ज्या पत्नीला त्यांनी लग्नानंतर अक्षरे गिरवावयास शिकविले, तिने पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. पतीच्या विसराळूपणाला हसत, त्याच्यावर रुसत आणि त्याच्या देवाला आपला म्हणत त्यांनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ आजही घराघरांत वाचली जातात; आमच्या देवघराच्या फडताळातही ज्ञानेश्वरीच्या शेजारी त्यांची एक जीर्ण प्रत आहे.