श्रीनृसिंहसरस्वती महाराज : महाराज रागावतात का?

दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला की आपल्या अमरावती-अकोल्याकडे घरोघरी श्रीगुरुचरित्राची पोथी बाहेर निघते. सोवळं, एकभुक्त, ठरलेली वेळ, ठरलेलं आसन, सगळी तयारी होते. पण पोथीसोबत एक भीतीही घरात येते. नेमात काही चुकलं तर? महाराज कोपले तर? या भीतीपायी पोथीला हातच न लावणारी मंडळीही मी पाहिली आहेत.

माझी नोकरी बँकेत गेली. हिशेब मांडून पाहायची सवय हाताला लागली ती लागलीच. म्हणून हा प्रश्नही मांडून पाहतो. माणसाला राग केव्हा येतो? एक धरून चालावं आणि भलतंच घडावं, तेव्हा. आपला समज होता त्याला धक्का बसला की राग येतो. पण ज्याला कालचं, आजचं आणि उद्याचंही ठाऊक आहे, त्याला धक्का कसला बसणार? आणि राग येत नसेल तर पोथीत शिक्षा झालेले लोक आहेत, त्यांचं काय? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ज्यांना आपण दत्तप्रभूंचा दुसरा अवतार मानतो, ते आपल्याच वऱ्हाडात जन्मले. त्यांचं चरित्रच पाहावं.

कारंजा लाड हे गाव. पूर्वी अकोला जिल्ह्यात होतं, १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात आहे. मूर्तिजापूरहून शकुंतला गाडीनं कारंज्याला गेलेले वाचक असतीलच. शके १३०० च्या सुमारास, म्हणजे इ.स. १३७८ च्या आसपास, पौष शुद्ध द्वितीयेला माधव आणि अंबाभवानी या दांपत्याच्या पोटी महाराज जन्मले. बाळाला सारे नरहरी म्हणत. ओंकाराखेरीज दुसरा शब्द तोंडातून निघेना. आईबापांनी नवससायास केले, लोकांनी मुका म्हणून नावं ठेवली. सातव्या वर्षी मुंज लागली आणि आईनं भिक्षा घालताच मुलानं वेद म्हणायला सुरुवात केली. नावं ठेवणारे गप्प झाले. त्यांच्याबद्दल महाराजांनी अवाक्षर काढल्याचं पोथीत नाही.

पुढे तीर्थयात्रेला जायची आज्ञा मागितली तेव्हा आईचा जीव कासावीस झाला. तिला मुलं होतील असा शब्द देऊन ते घरी थांबले, दोन भावंडं झाल्यावरच निघाले. काशीला वृद्ध कृष्णसरस्वतींकडून संन्यास घेतला. नरहरीचे नृसिंहसरस्वती झाले. पुष्कळ वर्षं तीर्थं हिंडून ते एकदा पुन्हा कारंज्याला आले, आईवडिलांना भेटले. नंतर परळी वैजनाथ, भिलवडीजवळ कृष्णाकाठी एक चातुर्मास, मग कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर अमरापूरला बारा वर्षं. तीच आजची नरसोबाची वाडी.

अमरापूरची घेवड्याच्या वेलाची गोष्ट सर्वांना पाठ आहे. गरीब ब्राह्मणाच्या दारात एकच वेल. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी घेवड्याच्या शेंगांवर घर चालायचं. महाराज भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले आणि जाताना वेल मुळातून उपटून टाकून गेले. पाहणाऱ्याला वाटेल की रागावले. बायकोनं आकांत केला, यतीला दोष दिला. नवऱ्यानं तिची समजूत घातली आणि उरलेलं मूळ काढायला खणलं, तर द्रव्यानं भरलेला हंडा लागला. इथे रागावली कोण? ती बाई. तिला त्यासाठी शिक्षा झाली का? हंडा मिळाला तो तिच्याच घराला.

याहून मोठा दाखला शिरोळच्या बाईचा आहे. महाराज गाणगापूरला गेल्यानंतर त्या औदुंबरातळी त्यांच्या पादुका होत्या. पादुकांच्या सेवेनं झालेलं मूल हातचं गेलं, तेव्हा ती बाई प्रेत कवटाळून तिथे आली. तिनं पादुकांवर डोकं आपटलं, विश्वासघात केलास म्हणून देवाला बोल लावले. देवाला लागेल असं याहून कोण काय बोलेल? त्या रात्री महाराज तिच्या स्वप्नात आले आणि मूल उठून बसलं. तिनं काय काय म्हटलं याचा जाब तिला कोणी विचारला नाही.

गाणगापूरला, भीमा-अमरजेच्या संगमावर, महाराजांचा उरलेला बराच काळ गेला. जवळच्या कुमसी गावी त्रिविक्रमभारती नावाचे संन्यासी राहत. संन्यासी असून पालखीत मिरवतो म्हणून ते महाराजांना दांभिक म्हणत. महाराजांना हे न सांगता कळलं. त्यांनी काय केलं? आपण होऊन कुमसीला गेले. त्रिविक्रमभारती नृसिंहाची मानसपूजा करीत, त्या दिवशी मूर्ती मनात ठरेचना. समोर पाहतात तो सारं सैन्य संन्यासीरूप दिसू लागलं. ते शरण आले, महाराजांनी त्यांना आपलंसं केलं.

आता जमेची बाजू सांगून नावेची लपवायची, हे बरोबर नाही. याच त्रिविक्रमभारतींकडे वेदविद्येचा गर्व झालेले दोन ब्राह्मण आले. वादाला या नाहीतर जयपत्र लिहून द्या, असं ते गावोगाव विद्वानांना छळत फिरत होते. महाराजांनी त्यांना समजावून पाहिलं. ऐकेनात. मग जमिनीवर सात रेघा ओढायला लावून एका वाटसरू पतिताला त्या ओलांडायला सांगितलं. सातवी रेघ ओलांडताच तो वेद म्हणू लागला. ब्राह्मण घाबरून पाया पडले, तरी ब्रह्मराक्षस होणं त्यांना चुकलं नाही. पण त्यालाही मुदत होती, बारा वर्षांची. नंतर सुटका. रागावलेला माणूस शिक्षेची मुदत ठरवीत बसत नाही, तेवढं भान ज्याचा राग गेला आहे त्यालाच असतं. आणि एक लक्षात घ्या. स्वतःला दांभिक म्हणणाऱ्याला महाराजांनी जवळ केलं, दुसऱ्यांचा अपमान करीत फिरणाऱ्यांना अडवलं.

शिव कोपला तर गुरू राखतो, गुरू कोपला तर कोणी राखत नाही, असा अर्थ पोथीत येतो. तो खोटा म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण चरित्राशी तो ताडून पाहिला तर मला असं वाटतं की औषध देणाऱ्यालाच झिडकारलं तर दुसरं औषध कुठून आणणार, एवढंच त्यात सांगितलं आहे.

मग कोणी विचारेल, महाराज रागावत नाहीत तर शेवटी क्षमाप्रार्थना कशाला म्हणायची? नंदीनामा ब्राह्मणाची कथा आठवा. अंगावर कोड, तुळजापूरला सेवा केली, मग चंदला परमेश्वरीची केली. देवीनं गाणगापूरला जा म्हणून सांगितलं, तर देवी सोडून माणसाकडे काय जायचं म्हणून त्याच्या मनात विकल्प आला. महाराजांनी तो आल्याआल्या ओळखून दाखवला, तरी बरं केलंच. फक्त मांडीवर एक डाग राहिला. तो विकल्पाचा होता. महाराजांनी कृपा करून त्याच्याकडून कवित्व करवलं, तेव्हा तोही गेला. आपली चूक महाराजांना आधीच माहीत असते. ती आपण कबूल करतो ती आपल्या अंगावरचा डाग जावा म्हणून.

आमच्याकडे एका आजींचं पारायण चौथ्या दिवशी राहिलं. नातू तापानं फणफणला, रात्रभर दवाखान्यात बसावं लागलं. पोरगा बरा झाला, पण आजी महिनाभर धास्तावलेल्या, आता काय होते बाप्पा म्हणत. त्यांना शिरोळच्या बाईची आठवण करून दिली. आजारी लेकराजवळ बसलेल्या बाईवर महाराज कोपतील, असं त्यांच्या सगळ्या चरित्रात कुठे बसतं? नेम पाळावा, जरूर पाळावा, नेमानं मन ठिकाणावर राहतं. राहिला तर क्षमा मागून पुन्हा सुरू करावा.

शेवटी महाराज श्रीशैलाला गेले. पाताळगंगेत फुलांच्या आसनावर बसून कर्दळीवनाकडे निघाले ती माघ वद्य प्रतिपदा, आपण गुरुप्रतिपदा म्हणतो ती. सुमारे शंभर वर्षांनी सरस्वती गंगाधरांनी चरित्र लिहिलं. कारंज्याचं जन्मस्थान मात्र बरीच शतकं विस्मरणात होतं. प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींनी ते ओळखलं आणि ब्रह्मानंद सरस्वतींनी १९३४ साली तिथे पादुकांची स्थापना केली. इतकी वर्षं आपण विसरलो, म्हणून महाराज रुसले नाहीत. यंदाच्या सप्ताहात पोथी उघडताना भीती बाजूला ठेवावी आणि जमलं तर एकदा कारंज्याला जाऊन यावं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥