माशांच्या खाद्यात प्रोबायोटिक आलं, पण त्याची मूळ आयडिया दह्यातून आली होती

कोळंबीच्या तळ्यात आज खाद्यातून चांगले जंतू सोडतात. या कल्पनेचं मूळ शोधत गेलं की नाव येतं एली मेचनिकॉफ यांचं.

जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीवजवळचा. १८७३ मध्ये पहिली बायको क्षयानं गेली. खचलेल्या मेचनिकॉफ यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, पण वाचले.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथं त्यांनी स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी गोळा झाल्या होत्या. शरीरातल्या पेशी जंतू गिळतात, हा सिद्धांत इथून उभा राहिला आणि १९०८ चं नोबेल पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं.

पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये असताना त्यांनी मांडलं की, बल्गेरियातले शेतकरी दह्यामुळे जास्त जगतात. स्वतःही ते रोज आंबवलेलं दूध प्यायचे. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी हृदयविकारानं गेले.

दह्यातला तो जंतू आतड्यात मुक्काम करत नाही, हे नंतर कळलं. तपशील चुकला, पण चांगल्या जंतूंनी वाईट जंतू हटवायचा विचार टिकला.

आता मासळीची भुकटी महाग, म्हणून खाद्यात सोयापेंड घालतात. ती जास्त झाली की सॅल्मनच्या आतड्याला सूज येते. ती कमी करायला लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस यांसारखे जंतू वापरून बघतात. कोळंबीत व्हिब्रिओ रोखायला आणि अँटिबायोटिक कमी करायलाही हाच मार्ग.