फुटबॉलचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

या स्मरणिकेत आपापल्या वर्गाच्या, बाकांच्या आणि सहलींच्या आठवणी भरपूर असणार. मी मात्र अशा एका शिक्षकाबद्दल लिहिणार आहे, ज्यांचा आपल्या शाळेशी काडीचाही संबंध नव्हता. निमित्त एवढंच, की आपण सगळे पावसाळ्यातले फुटबॉलपटू. घाटकोपरच्या चिखलात गणपतीपर्यंत फुटबॉल, आणि मैदान वाळलं की लगेच स्टंप ठोकायचे. ज्याला आपण चार महिन्यांचा खेळ समजलो, त्याला एका शाळामास्तरांनी आयुष्य दिलं, आणि देशाला आशियात दोनदा पहिलं आणलं. तरी आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांचं नाव ऐकलं ते परवा-परवा, सिनेमा आल्यावर.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. निजामाचं राज्य होतं. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. रहीम उस्मानिया विद्यापीठात शिकले, विद्यापीठाकडून फुटबॉल खेळले आणि पदवी घेऊन शिक्षक झाले. काचीगुडा, चादरघाट अशा शाळांमधून त्यांनी शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन शाळेतल्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. पीटीचा तास म्हणजे परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांना आंदण द्यायचा तास, हा आपला अनुभव. रहीम यांच्या हिशेबी मात्र तोही इतर विषयांसारखा एक विषय होता. त्याला अभ्यासक्रम हवा, सराव हवा, कच्च्या विद्यार्थ्याकडे जास्त लक्ष हवं.

चाळीसच्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत राहिले. त्यांच्यातला मास्तर इथे खरा दिसतो. त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरवल्या, ज्यात चेंडू पायाशी खेळवत नेणं, म्हणजे ड्रिबलिंग, चक्क बंद. चेंडू आला की दुसऱ्याला द्यायचा. काही सामन्यांत तर फक्त कमजोर पायानेच खेळायचं, उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने. शुद्धलेखनात चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणाऱ्या आपल्या बाईंची कुणाला आठवण आली, तर ती रास्तच आहे. त्या काळी आपल्याकडे एकट्याने चार जणांना चकवणाऱ्याचं कौतुक व्हायचं. अशा वेळी एका स्पर्शात चेंडू पुढे देण्याचा हट्ट धरणं सोपं नव्हतं.

तुळसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला मुलगा. सरावाला हैदराबादला रोज यायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीम यांनी दिले. तो पुढे दोन ऑलिंपिक खेळला.

१९५० मध्ये ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले, आणि इथे त्यांची गाठ मुंबईशी पडते. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स कप म्हणजे कूपरेजवरचा फुटबॉलचा मोठा सण. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा कप हैदराबाद पोलिसांनी नेला. कलकत्त्याचे मातब्बर क्लब असताना, गिरणी-कंपन्यांचे तालेवार संघ असताना, हवालदारांचा एक संघ दरवर्षी यायचा आणि कप घेऊन जायचा! आपल्या काही ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांनी व्हीटीला उतरून चालत कूपरेज गाठून हे सामने पाहिले असतील. त्यांनी ते लिहून ठेवावं, अशी माझी जाहीर विनंती आहे.

भारतीय संघाबरोबर रहीम यांना यश आणि नामुष्की दोन्ही लागोपाठ मिळाले. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत आपण अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक घेतलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तिथल्या थंडीत अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. हा मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा मुलगा, आणि ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल पुन्हा नेव्हिलनेच केला, पण सामना ४-१ ने गेला. शेवटी भारत चौथा आला. चौथ्या क्रमांकाला पदक नसतं, म्हणून ही गोष्ट लोक विसरले. मला विचाराल तर चार वर्षांत दहा गोलांच्या पराभवापासून इथवर येणं हे सुवर्णपदकाहून कमी नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली, पण पुढची फेरी गाठता आली नाही. त्यानंतर आजतागायत भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकला गेलेला नाही.

मग १९६२, जकार्ता. रहीम बावन्न-त्रेपन्न वर्षांचे होते, सिगारेट सतत हातात, आणि प्रकृती ढासळलेली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० ने हरवलं. पुढे थायलंड आणि जपान यांना हरवलं, पण थायलंडविरुद्ध बचावाचा कणा असलेल्या जर्नैल सिंगचं डोकं फुटलं आणि टाके घालावे लागले. दुसरा कुणी त्याला तंबूत बसवून ठेवता. रहीम यांनी उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याला बचावातून काढून थेट आक्रमणात उभं केलं. त्याने गोल केला आणि आपण ३-२ ने जिंकलो.

मैदानाबाहेर वातावरण तापलेलं होतं. इस्रायल आणि तैवान यांना खेळांत येऊ न दिल्याबद्दल भारताचे प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्यामुळे यजमान चिडले होते. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. फेटेवाला खेळाडू रस्त्यात दिसणंही धोक्याचं झालं होतं. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया, आणि खच्चून भरलेलं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं. रहीम यांनी आणखी एक बदल केला. आधीचे सामने खेळलेल्या प्रद्युत बर्मनऐवजी उंच्यापुऱ्या पीटर थंगराजला गोलमध्ये उभं केलं. पहिल्या वीस मिनिटांत पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला टाके असलेला जर्नैल, दोघांचे गोल झाले. कोरियाचा एक गोल अगदी शेवटी झाला. २-१. त्या संघात टाटांचा फॉर्च्युनाटो फ्रँको आणि कॅलटेक्सचा चंद्रशेखर हे मुंबईचे दोघे होते. कर्णधार होता चुनी गोस्वामी.

आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलं नाही.

जकार्ताहून परतल्यावर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने रहीम गेले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला अजून बावीस वर्षं अवकाश होता. त्यांचा मुलगा सय्यद अब्दुल हकीम रोमच्या संघात होता. तोही पुढे प्रशिक्षक झाला. आणि रहीम गेले त्याच हंगामात कूपरेजवर रोव्हर्स कप पुन्हा एकदा त्यांच्याच पोलीस संघाने जिंकला. संघाचं नाव तेवढं आता आंध्र पोलीस झालं होतं.